ताईच्या हद्दीची खुंटी

पाणीखात्यात त्यांना सगळे कानसेन म्हणायचे. काम एकच, रस्त्याखाली गाडली गेलेली व्हॉल्व्हची झाकणं धातू शोधायचं मशीन फिरवून शोधायची. कानाला हेडफोन, हातात दांडा, दांड्याच्या टोकाला ताटाएवढी चकती. बत्तीस वर्षं हेच केलं. निवृत्त झाल्यावर स्वतःचं मशीन घेतलं, तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला. माणूस हाडाचा हट्टी. एखादी वस्तू जमिनीत आहे म्हटलं, की ती हाती लागेपर्यंत त्याला अन्न गोड लागायचं नाही.

म्हणूनच थोरल्या बहिणीने, ताईने, त्यांना बोलावलं. शेजारचे टेलरमास्तर म्हणत होते, तुमचं नवं स्वयंपाकघर आमच्या जागेत घुसलंय. ताई म्हणत होती, काहीतरीच काय! मागच्या कोपऱ्यातली हद्दीची लोखंडी खुंटी जागेवर होती. पुढची सापडली, की दोन्हींमध्ये दोरी धरून सोक्षमोक्ष लागला असता. पण मोजणीवाले दोनदा येऊन हात हलवत परत गेले. खुंटी गेली म्हणाले.

"तिला काय पाय फुटले?" कानसेनांनी चप्पल काढून बाह्या सरसावल्या.

तिथली माती तांबडी, चिकण, लोहाने भरलेली. अशा जमिनीत ताकद वाढवली की मशीन मातीवरच बोंबलतं. मोजणीवाल्यांनी नेमकं तेच केलं होतं. कानसेनांनी ताकद निम्म्यावर आणली. मग नव्या स्वयंपाकघराच्या भिंतीशेजारच्या मोकळ्या जागेवर चकती खालीवर करत, मातीचा आवाज गप्प होईपर्यंत बटण फिरवलं. याला ते मशीनला मातीची ओळख करून देणं म्हणायचे.

दोन तास झाले. पावलापावलाला मशीन कोकलत होतं.

"तुझ्यासारखंच म्हातारं झालंय रे ते," ताई म्हणाली.

कानसेन भिंतीपाशी गेले, चिमूटभर माती उचलून चोळली आणि स्वतःवरच वैतागले. स्वयंपाकघर बांधताना तिथे बाहेरून भराव आणून टाकला होता. मशीनला भलत्याच मातीची ओळख करून दिली होती! इतकी वर्षं काय गवत उपटलं, असं पुटपुटत ते अंगणाच्या टोकाला गेले आणि मूळच्या तांबड्या मातीवर सगळं पहिल्यापासून केलं.

तरीही या मातीत वीतभरापलीकडचं ऐकू येत नाही. मग पुढच्या कोपऱ्यात वीतभर थर खोऱ्याने काढायचा, पुन्हा चकती फिरवायची, पुन्हा थर. चिकणमाती खोऱ्याला सोडेना, कंबर बोलायला लागली. टेलरमास्तर थोडा वेळ बघत उभे राहिले आणि गिऱ्हाईक आलं म्हणून दुकानात गेले. चौथ्या थराखाली बारीक, स्वच्छ आवाज आला. कानसेनांनी बोटांनी माती उकरली. खुंटीचं गंजलेलं चौकोनी डोकं दिसलं आणि त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला.

मग दोरी धरली. ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर येऊन अडली. भिंतीचा दोन हात भाग टेलरमास्तरांच्या जागेत होता.

ताईने कुंपणापलीकडे नजर टाकली. मग हळूच म्हणाली, "अजून कुणी बघितलं नाही. माती लोट."

"ताई..."

"तू माझा भाऊ ना?"

आई गेल्यावर याच बहिणीने कानसेनांना वाढवलं होतं. खोरं शेजारीच पडलं होतं, दहा खोरी माती आणि काम झालं असतं.

"भाऊ आहे म्हणूनच मी शोधली," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणी दाखवली असती, तर तू जन्मभर त्याला खोटं ठरवलं असतंस."

आणि त्यांनी कुंपणावरून टेलरमास्तरांना हाक मारली.

ताई आत गेली. मास्तर टेप घेऊन येईपर्यंत नव्या स्वयंपाकघरातून फळीवरचे डबे एकेक करून खाली उतरवल्याचा आवाज येत होता. कानसेनांनी हात धुतले आणि ते तिला मदत करायला आत गेले.