लिंबू आणि चुन्याची डबी

सगळ्या जगाची आम्लं आणि आम्लारी अशा दोनच जातींत वाटणी करणारा माझ्या मामासारखा ठाम माणूस मी दुसरा पाहिला नाही. मामी आम्ल, आजी आम्लारी आणि त्या दोघींच्या भांडणातून उरलेला क्षार म्हणजे तो स्वतः. केजजवळच्या एका खेड्यात तो विज्ञान शिकवायचा, आणि शाळा सुटली तरी त्याचं शिकवणं काही सुटत नसे. सदऱ्याच्या एका खिशात लिंबू, दुसऱ्यात चुन्याची डबी. गावाला वाटे, सर तंबाखू खातात. तो तर सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नसे. पंगतीत बसला की ताटातली हळद चुन्याने लाल करायचा, लिंबू पिळून परत पिवळी करायचा, आणि शेजारच्याची जेवणावरची वासना उडवायचा. एकदा मोरचुदाचं पाणी आणि टॉर्चचे सेल घेऊन त्याने मामीच्या माहेरच्या चमच्यावर तांबं चढवलं. मामी आठवडाभर बोलली नाही. ‘‘लई शांततेत पार पडला परयोग,’’ मामा म्हणाला.

मी आठवीत असताना वडील गेले, तेव्हापासून आई आणि मी मामाकडेच होतो. माझं लग्नही त्याच्याच दारात झालं. हळदीला मी पाटावर बसले, तशी माझी चुलती आईला म्हणाली, ‘‘पाच सवाष्णी लावतेल. तुमी जरा मागं ऱ्हावा.’’ आई स्वयंपाकघरात गेली. कपाळाला पहिला हात तिचाच लागावा, एवढंच मला हवं होतं, आणि तेवढंच म्हणायची माझी हिंमत होईना.

मामा माझ्यासमोर मांडी घालून बसला. ताटलीत हळद घेतली, डबीतला चुना घातला, पाणी शिंपडून मळायला लागला.

‘‘काय झालं हे?’’ त्याने वर्गात विचारावं तसं विचारलं.

‘‘कुंकू. दुसरं काय,’’ चुलती म्हणाली.

‘‘हळद टाकली, चुना टाकला. यात कुणाचा नवरा टाकलेला दिसला का तुमाला?’’

एक म्हातारी पदराआड हसली. चुलती म्हणाली, ‘‘रीत हाय ती, सर.’’

‘‘असू द्या की. मला परयोगाला फकस्त एक हात पायजे. अक्का, ये भाईर.’’

आई आली. तिने अंगठा इतका दाबून लावला की कुंकू माझ्या भुवईपर्यंत पसरलं. दुपारपर्यंत ते पिवळं पडलं. घाम आम्लधर्मी असतो, मामाने मुद्दाम येऊन सांगितलं. मला त्याचा तेव्हा राग आला होता आणि आज त्याच वाक्याची सगळ्यात जास्त आठवण येते.

गेल्या वर्षी मामा गेला. बाया मामीचं कुंकू पुसायला जमल्या. जन्मभर त्याच्या प्रयोगांवर चिडलेल्या मामीने त्याच्या सदऱ्यातून डबी काढली आणि सगळ्यांपुढे ठेवली.

‘‘आदी हे बगा, मग पुसा,’’ ती म्हणाली.

आईने उठून हळद आणली. चुना कडेने वाळला होता. तिने पाण्याचे दोन थेंब टाकले आणि अंगठ्याने मळू लागली. रंग यायला वेळ लागला. आम्ही सगळ्या थांबलो.