मौद्याची कुसुम आणि भोंगेमामा

भोंगेमामांनी जन्मभर जाहिराती केल्या, पण एकदा सोडलं तर मालाचं नाव कधी घेतलं नाही. "मालाचं नाव घेतलं का गिऱ्हाईक पळते गा," असं ते म्हणत. "पोरगी पाहाले आलेल्या पाहुण्यांले दारातच देण्याघेण्याचं बोलते का कोणी? आधी पाणी दे, बस म्हण, पीकपाण्याचं विचार." ऐकायला हे छान वाटतं. पण ज्याचं दुकान बुडत असतं त्याला विचारा.

त्यांचं खरं नाव मला फार उशिरा कळलं. सिनेमाच्या जाहिरातीसाठी टांग्यात बसून भोंग्यातून ओरडत ते नागपूरभर फिरायचे, म्हणून भोंगेमामा. ती नोकरी गेली, कारण त्यांना गोष्ट अर्धी सोडवत नसे. "पुढं काय होते ते पडद्यावर पाहा" म्हणायचं सोडून ते कोपऱ्याकोपऱ्यावर टांगा थांबवत आणि अख्खी गोष्ट सांगत, शेवटी कोण मरतं तेसुद्धा. बाया डोळे पुसत घरी जात आणि थिएटर रिकामं. मालकानं झापलं तेव्हा मामांनी त्यालाच विचारलं, "पण लोकं रडले का नाही?"

आमचं सीताबर्डीच्या एका गल्लीत पितळेच्या भांड्यांचं दुकान. वडील गेल्यावर ते माझ्या गळ्यात पडलं आणि त्याच वर्षी समोर स्टीलच्या भांड्यांचं दुकान उघडलं. ट्यूबलाइटखाली ती भांडी अशी चमकायची की आमच्या पायरीवर उभं राहिलेलं गिऱ्हाईकही तोंड तिकडे करून उभं राही. ज्या बायांनी लग्नात आमच्याकडून घागरी नेल्या, त्याच आता त्या मोडीत घालून समोरून डबे घेत होत्या. आई म्हणाली, "तुळशीच्या लग्नापर्यंत पाहा. नाही तं कुलूप लाव अन् कोराडीले नोकरीवर लाग. तुह्या काकानं शब्द टाकून ठेवला आहे." कोराडीच्या वीज केंद्रात कारकुनाची जागा होती. कोणाही शहाण्या माणसानं उडी मारली असती. पण मला दुकान सोडायचं नव्हतं. वडिलांच्या गादीवर बसून मी त्या दिवसांत रडलोही आहे, सांगायला लाज कसली.

अशात एका दुपारी मामा तांब्याचा पोचा काढायला आले. दाराशी आमचा फळा टांगलेला होता : 'येथे पितळेची उत्तम भांडी मिळतील.' मामांनी तो दोनदा वाचला. "हे कोणाले सांगून राहिला गा तू? भांड्याच्या दुकानात भांडी नाही तं का जिलब्या भेटतीन?" एवढं बोलून त्यांनी धोतराच्या सोग्यानं फळा पुसून टाकला. तांब्याचा पोचा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ते एक जुनं कॅलेंडर घेऊन आले आणि त्याच्या चौकोनांत निळ्या पेन्सिलीनं, फळ्यावर कोणत्या वारी काय यायचं ते लिहीत बसले. सोमवारी काळजी. मंगळवारी भांडण. बुधवारी थोडं हसू, कारण तोवर माणूस थकतो. गुरुवारी देवाचं काहीतरी. शनिवारी मात्र गोष्ट अर्धी तोडायची, म्हणजे रविवारी दुकान बंद असलं तरी गिऱ्हाईक घरी बसून आपलाच विचार करेल. ज्या माणसाची गोष्ट अर्धी न सोडण्यापायी नोकरी गेली, तो मला हे शिकवत होता! मी विचारलं, "मामा, यात भांडी कधी येतात?" ते म्हणाले, "घाई काहून करून राहिला? भांडी काही कुठं पळून नाही जात."

सोमवारी फळ्यावर एकच ओळ झळकली : 'मौद्याच्या कुसुमला रात्रभर झोप लागली नाही.' खाली ना दुकानाचं नाव, ना भाव. मी डोक्याला हात लावला. पण दुपारपर्यंत चारचौघं थांबून विचारून गेले, "काहून गा? तब्येत बरी नाही का तिची?" मंगळवारी कळलं की तिला पाहायला पाहुणे येणार आहेत आणि बापाला मुलगा पसंत नाही. शुक्रवारी पाहुणे आले आणि पोहे तिखट झाले. त्या पोह्यांवरून आमच्या दारात दोन बायांचं असं जुंपलं की रस्ता अडला. एकीचं म्हणणं, मिरची मोजून टाकता येत नाही ती पोरगी कसली. दुसरी म्हणे, "पाहुण्यांचीच जीभ नाजूक, तिचा का दोष वं?" भांडून झाल्यावर दारात नुसतं उभं राहायची दोघींना लाज वाटली असावी. एकीनं पळी घेतली, दुसरीनं झारा.

मग लोक रोज येऊ लागले. नोकरीवर जाणारे सायकलवरून एक पाय टेकवून वाचत. मौद्याचा एक गृहस्थ मुद्दाम आत आला. आता पकडले गेलो, असं मला वाटलं. तो म्हणाला, "कुसुम ना? आमच्याच गल्लीतली. पोरगी सोन्यासारखी आहे, फक्त बाप तापट." मामांनी शांतपणे मान हलवली आणि दुसऱ्या दिवशीपासून फळ्यावरचा बाप तापट झाला.

स्थळं येऊ लागली तेव्हा मात्र माझी झोप उडाली. बाया पत्रिका घेऊन येत आणि मामा त्या खरोखर तपासत. एका मुलाला त्यांनी तंबाखूचा खर्रा खातो म्हणून परत पाठवलं. मी वैतागून म्हणालो, "मामा, अहो कुसुम आहे कुठे?" त्यांना ते लागलं. "तुले दिसत नाही म्हणून नाही का? तुहं गिऱ्हाईक तरी कुठं दिसून राहिलं होतं?"

दिवाळीत मामांनी फळ्यावर लग्न ठरवलं. मुलगा नागपूरचा, मुहूर्त तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचा, कार्य मौद्याला घरच्या घरी. मौदा लांब आहे, कोण जातंय, असा त्यांचा हिशेब. तो साफ चुकला. लग्न कळल्यावर आहेर आलाच. लोक आमच्याकडून परात, घागर, तपेलं घेत, बाहेर बसणाऱ्या कारागिराकडून छिन्नीनं 'चि. सौ. कां. कुसुम हिस' असं नाव घालून घेत आणि मामांच्या ताब्यात देत. आईला तर सगळं ठाऊक होतं, तरी तिनंही एका गडव्यावर नाव घालून घेतलं. मी विचारलं तर म्हणते, "आहे का नाही ते मंग पाहू. आहेर तं द्याच लागते ना?"

लग्नाच्या सकाळी दुकान उघडायला गेलो तर गल्लीत ही गर्दी. बाया नऊवारीत, पुरुष टोप्या घालून, आणि कोपऱ्यावर चक्क एक बस. वर्गणी काढून लोकांनी ती ठरवली होती. एक बॅण्डवालाही तुतारी पुसत उभा होता. बस मौद्याला पोचली की सगळं संपलं. खोटारड्याच्या दुकानात कोण येणार? मी मनातल्या मनात कोराडीचा डबा बांधायला लागलो.

मामा आले. त्यांनी गर्दी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ खडू हातात धरून उभे राहिले. मग लिहिलं : 'मुलाकडच्यांनी ऐनवेळी पितळ नको, स्टील पाहिजे म्हटले. कुसुमने लग्न मोडले.'

मग एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "चांगलं केलं पोरीनं." आणि सगळी गर्दी हळूहळू वळून समोरच्या दुकानाकडे पाहू लागली. समोरचे शेठ हात जोडून पायरीवर आले. "मुलाकडच्यांशी माझा काही संबंध नाही हो," ते रडकुंडीला येऊन सांगत होते. त्यांचं कोणी ऐकलं नाही. नाव घातलेलं भांडं परत घेत नसतात, पण मागितलंही कोणी नाही. "कुसुमपाशीच राहू द्या, पुढं लागन," म्हणाले, आणि रागारागानं घरासाठी आणखी पितळ घेऊन गेले. संध्याकाळी आईनं काकांना कोराडीचं नाही म्हणून कळवलं.

मी आनंदानं मामांना मिठी मारायला गेलो. ते फळ्याखाली बसून होते आणि डोळे भरले होते. "मालाचं नाव घेतलं गा आज," ते म्हणाले. "आतापर्यंत पोरगी होती. आता जाहिरात झाली."

त्यानंतर त्यांनी खडू धरला नाही. मी फार विनवलं. आहेराची सगळी भांडी घेऊन ते मौद्याला बहिणीकडे राहायला गेले. तिकडे ज्या गरिबाघरी लग्न असेल तिथे एक भांडं पोचवत. नवरीनं नाव वाचून विचारलं तर म्हणत, "कुसुमनं धाडलं." मी कधीमधी भेटायला जाई. दुकानाचं नीट चाललं आहे, असं सांगितलं की मान हलवत, पण फळ्याचा विषय काढू देत नसत.

काही वर्षांनी ते गेले. मी मौद्याला पोचलो तेव्हा ओसरीवर बायांची गर्दी होती. मी त्यातल्या कोणालाच ओळखत नव्हतो. त्यातली एक म्हातारी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाबू, कुसुमले कळवलं का गा?"

मी जन्माचा दुकानदार, तोंडात शब्द तयार असतात. "कळवलं," मी म्हणालो, "निघाली आहे ती. पोचेल एवढ्यात."

म्हातारीनं पदर सावरला आणि माझ्या शेजारी वाट पाहत बसली.