महेश्वरीच्या कपाटातला ड्रेस

मुरुममध्ये ड्रेस शिवायचा म्हटलं की लोक महेश्वरीचं घर दाखवतात. शाळेच्या पोरांचा निळा-पांढरा, तो ड्रेस. बँडवाल्यांचा लाल, सोनेरी पट्ट्यांचा, तोही ड्रेस. गॅदरिंगला पोरीला कोळीण करायची असली की तोही ड्रेसच, आणि लग्नात बिनलग्नाच्या मुलीला आहेर करतात तो ड्रेसपीस. मी इथल्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे, माझा पांढरा ड्रेससुद्धा तिच्याच हातचा. तो घालून मी गावभर फिरते आणि कुणी चकार शब्द काढत नाही, कारण तो ड्युटीचा. पण लग्न झालेल्या बाईच्या अंगावर सलवार-कमीज आली की त्याच शब्दाला वास यायला लागतो. 'त्यांची सून ड्रेस घालते' हे इथल्या सासवा ज्या सुरात सांगतात, त्याच सुरात 'त्यांचा जावई पितो' हे सांगतात.

महेश्वरीची सासू शांताक्का यात सगळ्यांच्या वरची. लग्न ठरलं तेव्हाच तिनं आळंदला व्याह्यांकडे निरोप धाडला होता की पोरीबरोबर ड्रेस पाठवू नका, आमच्यात घालत नाहीत. हळदीच्या आधी महेश्वरीचे सगळे ड्रेस धाकट्या बहिणीकडे गेले. बहिणीला ते लांब होत होते, म्हणून महेश्वरीनंच बसून ते उसवले आणि बहिणीच्या मापाचे करून दिले. स्वतःच्या लग्नाच्या घाईत हे काम तिनं केलं, आणि मला हे सांगताना ती हसत होती. मला काही हसू आलं नाही.

नवरा शिवकुमार आडतीवर मुनीम. माणूस वाईट नाही, पण त्याच्या तोंडात एकच वाक्य, 'आईला विचार.' त्याच्या पगारात भागेना, तेव्हा पुढच्या खोलीत शिलाई मशीन आली. शिलाईचा पैसा शांताक्काला चालला, शिवलेला ड्रेस तेवढा सुनेच्या अंगावर चालत नव्हता.

त्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. वर शाळेचं कापड, खाली दोरे, बटणं आणि मधल्या कप्प्यात गावातल्या लेकुरवाळ्या बायांचे ड्रेस. होय, बायांचेच. नवऱ्याबरोबर म्हैसूरला, गोव्याला जायचं असलं की त्या महेश्वरीकडून ड्रेस शिवून घेतात. गावातून साडीवर निघतात, आळंद ओलांडलं की बदलतात. परत येताना पुन्हा साडी. ड्रेस घरात ठेवायची सोय नाही, म्हणून तो महेश्वरीच्या कपाटात. ज्या बाया देवळात शांताक्काच्या शेजारी बसून सुनांच्या ड्रेसला नाकं मुरडतात, त्यातल्या दोघींचे ड्रेस मी त्या कप्प्यात डोळ्यांनी पाहिलेत. महेश्वरीनं कुणाचं नाव कधी फोडलं नाही.

सगळ्यात मागं एक हिरवा ड्रेस होता. मऊ सुती, बारीक पांढऱ्या फुलांचा, जरा ढगळ. तो तिचा. मापाला म्हणून एकदाच अंगात घातलेला, तोही कडी लावून. मी विचारलं, घालत का नाहीस? तर म्हणाली, "कुठं जाऊ घालून, सिस्टर?"

मग गेल्या हिवाळ्यात बचत गटाची गोकर्णची सहल निघाली. देवाचं नाव होतं, तेही महादेवाचं, त्यामुळे शांताक्काला नाही म्हणता येईना. महेश्वरीनं पिशवी भरली. वर साड्या, तळाशी हिरवा ड्रेस. समुद्रावर तो घालून फोटो काढायचा आणि तो फोटो फक्त मला दाखवायचा, असं ठरलं होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी बाई आठवडाभर गुणगुणत मशीन चालवत होती.

निघायच्या आदल्या दिवशी शांताक्का न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला ऑपरेशन झालं. गटाची गाडी गेली, फिरून आली, आणि महेश्वरी दवाखान्यात सासूच्या उशाशीच होती.

घरी आणल्यावर जखमेचं ड्रेसिंग करायला मी जायला लागले. शांताक्काचं लुगडं काही सुटेना. नेसवताना ती कळवळायची, घामानं निऱ्या ओल्या व्हायच्या, पाठीची कातडी लाल झाली होती. मी सांगितलं, मागून उघडं असलेलं काहीतरी सैल, सुती हवं, नाहीतर पाठीला जखमा होतील. महेश्वरी म्हणाली, जुनं लुगडं फाडून शिवते. शांताक्का तशातही कडाडली, "म्या जित्ती असताना माजं लुगडं फाडतीस व्हय?"

शाळेचं कापड टेरिकॉटचं, ते टोचलं असतं. महेश्वरी कपाटापुढे जाऊन उभी राहिली. मग तिनं हिरवा ड्रेस काढला आणि टेबलावर पालथा पसरला. मी तिचा हात धरला, म्हटलं, हा नको, दुसरा बघ.

"दुसरे लोकांचे हायेत," ती म्हणाली. "माझा येवढाच हाय."

गळ्यापासून खालपर्यंत तिनं तो सरळ कापला, कडा दुमडल्या, नाड्या लावल्या. कात्री एकदाही अडखळली नाही. मला मात्र तिथं बसवेना.

तो अंगात चढवला त्या पहिल्या दिवशी शांताक्का भिंतीकडे तोंड करून पडून होती. आठवडाभरानं गेले तर ती उशीला टेकून बसलेली, पाठ कोरडी, चेहरा निवळलेला. मांडीवरची पांढरी फुलं हातानं कुरवाळत मला म्हणाली, "लई मोकळं वाटतंय बघ, सिस्टर. येवढं मोकळं असतंय व्हय हे?"

मला वेडीला आनंद झाला. वाटलं, बाईला उशिरा का होईना समजलं. महेश्वरी पायथ्याशी पाण्याचं घमेलं धरून उभी होती. तिनं त्या घरात आजवर स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. ते तिनं त्या दिवशी मागितलं. "आत्याबाई, मग मी बी शिवू का एक? घरातल्या घरात घालीन."

शांताक्का रागावली नाही. रागावली असती तर मी भांडले तरी असते. तिला खरंच नवल वाटलं होतं. सुनेकडे खालपासून वरपर्यंत बघत तिनं विचारलं, "का गं? तुला काय झालंय? आजारी हाईस का तू?"

माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या, त्या मी गिळल्या, कारण मी गेल्यावर त्याबद्दल ऐकून घ्यायला महेश्वरीच बिचारी मागं राहणार होती.

"आन् असाच अजून एक शिव मला," शांताक्का म्हणाली. "ह्यो धुवायला गेला की लुगड्यात जीव गुदमरतोय."

महेश्वरीनं घमेलं खाली ठेवलं, गळ्यातला टेप काढला आणि सासूचं माप घ्यायला वाकली.