आईचं दही का लागत नव्हतं

ताज्या दह्याचा आंबूस वास आला की मला कारखान्याच्या वसाहतीतलं, सेक्टर दोनमधलं आमचं क्वार्टर आठवतं. त्या उन्हाळ्यात आईचं दही लागेनासं झालं होतं आणि दूधवाला साऱ्या स्ट्रीटवर सांगत फिरे, “भाभी बर्तन ठीक से नहीं धोतीं।” आई भडकली, “म्हशीले दवा टोचून राहिला, अन् नाव माह्या भांड्याले!” मी तिथेच त्याच्याविरुद्ध पत्रक लिहायला बसलो, पण कॉलेजात संशोधन करणारी ताई म्हणाली, “थांब न बे, पहिले पुरावा.” एका सकाळी तिने दूधवाल्याला आत बोलावून ओट्यावर दोन नळ्या ठेवल्या. त्यांत सोन्याच्या सूक्ष्म कणांचं लाल पाणी होतं आणि कणांना चिकटलेले अ‍ॅप्टामर, म्हणजे डीएनएचे छोटे धागे. म्हशीला टोचलेलं प्रतिजैविक दुधात उतरलं की विरजणातले जंतू मरतात आणि दही लागत नाही; नेमकं ते प्रतिजैविक भेटलं की धागे कण सोडून त्यालाच धरतात. मग मिठाचं पाणी घातलं की उघडे पडलेले कण एकमेकांना चिकटतात आणि लाल रंग निळा होतो. एका नळीत तिने शेजारच्या गाईचं दूध फाडून गाळलेलं पाणी घातलं, दुसरीत याच्या दुधाचं, आणि दोन्हींत मिठाचे थेंब सोडले. पहिली लालच राहिली, दुसरी आमच्या डोळ्यांदेखत निळी झाली. “दीदी, फिर से करो।” दूधवाला म्हणाला. पुन्हा निळीच. मग तो हळूच म्हणाला, “भैंस को इंजेक्शन चल रहा है।” “मंग जाय, साऱ्या स्ट्रीटवर सांग, भांडं साफ होतं म्हणून!” आई गरजली, आणि तो खरंच दारोदार सांगत गेला. इंजेक्शनं थांबल्यावर आईने दह्याचं भांडं त्याच्यासमोर उलटं धरलं. थेंबही सांडला नाही. आजही कुणाविरुद्ध पत्रक लिहिताना डोकं तापलं की मी आधी पुरावा शोधतो, आणि तो सापडला की आईसारखा बेधडक भांडं उलटं धरतो.