वैतरणेच्या तळ्याची अर्धी फेरी

आपलं कोणी ऐकतं का, याबद्दल त्या काळात मला फार शंका होती. नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षं ज्यांनी जव्हार-मोखाड्यात काढली, त्यांना ही शंका समजावून सांगावी लागणार नाही. मी जव्हार तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स होते. पाड्यापाड्यांवर जायचं, काट्याच्या झोळीत पोरं तोलायची, वजन लिहायचं आणि पुढच्या महिन्यात त्यातलं एखादं नाव खोडायचं, असं माझं काम होतं. माझं माहेर नाशिककडचं, घराणं देवीचं. लहानपणी वणीच्या गडाच्या पायऱ्या मी मोजत मोजत चढलेली. पण इथे संध्याकाळी दिवा लावताना समोरची तसबीर ही नुसती तसबीर वाटायची. लोकांनी विचारलं तर मी पोरांच्या मृत्यूंकडे बोट दाखवत असे. ते कारण खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं.

उरलेलं अर्धं असं. ओढ्यापलीकडे आठ घरांचा एक पाडा होता. तिथे बुधी नावाच्या बाईची विमल ही दीड वर्षांची मुलगी महिना महिना वजनाने उतरत होती. श्रावणात मी बुधीला सांगितलं, गुरुवारी येते, गाडीची सोय करून पोरीला जव्हारच्या दवाखान्यात नेऊ. गुरुवारी ओढा दुथडी भरून चालला होता. मी छत्री धरून अलीकडे पाव तास उभी राहिले आणि माघारी फिरले. दुसऱ्या दिवशी अहवाल जायचा होता म्हणून संध्याकाळी वहीत लिहिलं, ‘गृहभेट दिली.’ शनिवारी विमल गेली. सोमवारी मी पाड्यावर पोहोचले तेव्हा बुधी दारात भात कांडत होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा मुसळ उचललं. पुढे ते कुटुंब मजुरीला कुठेसं निघून गेलं. मी त्या दिवशी ओढा ओलांडायला हवा होता, असं आजही म्हणत नाही. ओलांडला असता तर पोर वाचलं असतं, असंही नाही. पण ज्या घरी मी गेले नाही त्या घरी गेले असं मी लिहिलं, आणि ते कोणालाच कळलं नाही.

याला दोन वर्षं झाली. त्या दिवाळीनंतर माझ्याबरोबर काम करणाऱ्या कुसुमताईने सायकलसहलीचं काढलं. ती चिपळूणकडची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, अंगाने भरलेली आणि बोलायला मोकळी. वैतरणेचं मोठं तळं तिने एकदा एसटीच्या खिडकीतून पाहिलं होतं. जव्हारहून मोखाडा, खोडाळा करत धरणाला जायचं, तळ्याच्या कडेने त्र्यंबककडे निघायचं आणि घाट उतरून परत यायचं, अशी चार दिवसांची फेरी तिने कागदावर आखली होती. मी म्हटलं, “बायकांनी साडी नेसून एवढ्या लांब सायकली मारायच्या? लोक काय म्हणतील?”

“अगो, लोक आपल्याला रोज सायकलवर बघतात. चार दिवस पोरं तोलू नको, एवढंच. रजा शिल्लक ठेवून करणार काय?”

मला उत्साह नव्हता, पण नकार देण्याइतकी ताकदही नव्हती. जव्हारच्या बाजारात सायकलींचं काम करणारे युसूफचाचा होते. त्यांनी आमच्या दोन्ही सायकलींना नवे ब्रेकरबर घातले, चेनला तेल दिलं, पंक्चरचं सामान पुडीत बांधून दिलं. “सिस्टर, उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही. मागचा दाबा, आणि अल्लाचं नाव घ्या. तुमच्या देवाचं घेतलं तरी चालेल,” असं म्हणून ते हसले. मीही हसले.

पहिला दिवस बरा गेला. चढावर उतरून सायकल ढकलायची आणि उतारावर पाय वर घेऊन सोडायची, असं करत आम्ही दुपारी मोखाड्याला पोहोचलो. भातं कापून झाली होती, खाचरांत नुसती धसकटं उरली होती. माळावर नाचणीची बोंडं वाळत होती. कुसुमताई वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत होती, मी मागून येत होते. रात्री खोडाळ्याला तिच्या ओळखीच्या एका मास्तरांकडे उतरलो. मास्तरीणबाईंनी गरम पाणी दिलं, पिठलं-भाकरी वाढली. अंग दुखत होतं ते सायकलीने, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास एका वळणावर तळं दिसलं. कुसुमताईने सायकल आडवी टाकली आणि कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली. पाणी दूरवर पसरलं होतं, मधूनमधून टेकड्यांची डोकी वर आली होती, काठाला एक-दोन डोंग्या होत्या. सुंदर होतं, हे मला कळत होतं. पण ते मला कळलं ते कोणी दुसऱ्याने सांगावं तसं. त्या दिवसांत सगळंच तसं कळायचं.

तासाभरात मला थंडी भरली. उन्हात सायकल चालवत असताना दातावर दात वाजू लागले. ही कसली थंडी ते मला लगेच समजलं. असे शेकडो रोगी मी पाहिले होते. हिवताप. चार वर्षं घरोघर त्याच्या गोळ्या वाटल्या, आणि माझ्या पिशवीत त्या दिवशी एक गोळी नव्हती. कुसुमताईकडेही नव्हती. मी रस्त्याच्या कडेला एका आंब्याखाली बसले, मग आडवी झाले. दोनदा उलटी झाली. रस्त्यावर ना गाडी, ना माणूस. धरणावरच्या कॉलनीत दवाखाना होता, पण तिथवर सात-आठ किलोमीटर तरी होते.

“मी जाऊन गाडी घेऊन येते,” कुसुमताई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झालेला मी ऐकला. “तू इथून हलू नको. ऐकलंस ना?”

ती दिसेनाशी झाल्यावर किती वेळ गेला मला सांगता येत नाही. थंडीने अंग जमिनीवरून उडत होतं. मी कोणाचाही धावा केला नाही. नर्स म्हणून विचार करत होते: थंडी तासभर, मग ताप, मग घाम. एवढं निघालं पाहिजे. तेवढ्यात शेताच्या बाजूने डोक्यावर भाताचा भारा घेतलेली एक बाई आली. भारा टाकून ती माझ्याजवळ बसली. “बाय, थंडी भरली काय? ऊठ. माझ्या खांद्याव हात टाक.”

तिने मला जवळजवळ उचलूनच खळ्यावर नेलं. खळ्याच्या कडेला पेंढ्याचं खोपट होतं, समोर वीस-तीस पावलांवर तळ्याचं पाणी. तिने पेंढा पसरून मला त्यावर निजवलं, वरून एक लुगडं आणि एक पोतं घातलं. तरी अंग थांबेना. “गोधडी नाय माझ्याजवल,” ती म्हणाली, आणि सरळ माझ्यावर ओणवी झाली, आपल्या सगळ्या अंगाचं वजन माझ्यावर टाकून. तिच्या अंगाला भाताच्या तुसाचा आणि धुराचा वास होता. ती तशीच राहिली, माझी थरथर उतरेपर्यंत.

मग ताप चढला. ती उठून चुलीकडे गेली, आणि तिथे उजेडात मला तिचा चेहरा नीट दिसला. कपाळावरचं गोंदण दिसलं. मला वाटलं तापात दिसतं आहे. मी डोळे मिटले आणि उघडले. बुधीच होती.

मला तिथून उठून जायचं होतं, पण उठता येत नव्हतं. तोंड फिरवून पडून राहिले. ती वाडग्यात नाचणीची आंबील घेऊन आली आणि माझ्या उशाशी बसली. “मी कवाच वळखला तुला,” ती म्हणाली. “आंब्याखालीच वळखला. मी विमलची आय.”

अशा वेळी माणूस काय बोलतं? माझ्या तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं. “बुधी, मी त्या गुरुवारी आले नव्हते. आणि आले असं कागदावर लिहिलं.”

ती वाडग्यातली आंबील बोटाने ढवळत होती. “कागदाचं मना नाय समजत. पन तू वढ्यापर्यंत आलती.”

“तुला कसं माहीत?”

“मी त्या काठाला व्हते. पोरीला खांद्याव घेऊन. तुझी काली छत्री दिसली. मी हाक मारली, पन पानी लय वाजत व्हता. तू फिरली. मंग मी पन फिरले.” ती म्हणाली, “पानी तुला मोठा, तसा मना पन मोठा.”

मी रडले नाही. रडले असते तर बरं झालं असतं, असं नंतर पुष्कळदा वाटलं. ती दोन वर्षं मी ओढ्याचा एकच काठ पाहत होते, ज्यावर मी उभी होते तो. दुसऱ्या काठावर कोणी असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं. तिने मला माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी तसं विचारलंही नाही. तिचा चेहरा दमलेला होता. रागावलेला नव्हता, आणि फार मायाळूही नव्हता.

तिने वाडगं माझ्या ओठाला लावलं. मी म्हटलं, नको, उलटी होईल. “पे. कणसरी हाय ही. कणसरीला नाय म्हनू नये.” कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी. दाण्यात ती राहते असं ते मानतात, म्हणून खळ्यावर पायात काही घालून जात नाहीत. हे मला माहीत होतं, कारण एकदा एका खळ्यावर मी चपला घालून गेले होते आणि एका म्हातारीने मला बाहेर काढलं होतं. मी आंबील प्याले. आंबट, मिठाची, कोमट. ती पोटात राहिली.

खोपटाच्या आढ्याला एक झोळी बांधलेली होती, ती मला तेव्हा दिसली. आत चार-पाच महिन्यांचं मूल निजलेलं होतं. माझी नजर सवयीने त्याच्या दंडावर गेली. दंड भरलेला होता. बुधीने झोळीला झोका दिला आणि विचारलं, “याला टोचायचा कवा?”

या तळ्याभोवती कितीतरी माणसं होती, आणि हा प्रश्न ती मला विचारत होती.

“आपल्या पाड्यावर परत येणार का तुम्ही?” मी विचारलं.

“भात झोडून झाला का येऊ. दोन आठवड्यांत.”

“मग मी येते. येईन तेव्हाच लिहीन,” मी म्हटलं. त्यातलं शेवटचं तिला समजलं की नाही कोण जाणे. तिने मान हलवली आणि कामाला निघून गेली.

दुपार कलताना कुसुमताई धरणावरची जीप घेऊन आली; आंब्याखाली नुसती माझी सायकल बघून ती हाका मारू लागली, तेव्हा बुधीने तिला खळ्यावर आणलं. ड्रायव्हरने दोन्ही सायकली टपाला बांधल्या. मला उठवताना बुधीने माझ्या केसांतला पेंढा काढला, आणि जीप निघाली तेव्हा ती पुन्हा भाऱ्याखाली वाकलेली होती. फेरी अर्धीच राहिली. कुसुमताईने उरलेलं अर्धं तळं पुढच्या वर्षी एसटीने पाहिलं आणि मला ऐकवलं. मी ते अजून पाहिलेलं नाही.

ताप उतरल्यावर मी वही घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेले आणि ती नोंद त्यांना दाखवली. ते तरुण होते. नोंद वाचून वही माझ्याकडे परत सरकवत म्हणाले, “सिस्टर, हे आता कशाला? कोणी विचारलं नाही.” मी म्हटलं, “म्हणूनच.” चौकशी झाली, लेखी ताकीद मिळाली. मला हलकं वगैरे वाटलं नाही. पण त्यानंतर वहीत लिहिताना हात थांबत नसे. दोन आठवड्यांनी मी पाड्यावर गेले आणि बुधीच्या मुलाला लस दिली. तो मोठ्याने रडला आणि बुधी माझ्याकडे बघून हसली. तिचं हसू मी त्याआधी पाहिलंच नव्हतं.

यात चमत्कार काय, असं कोणी म्हणेल. हंगामाला मजूर बाई भात कापायला जाणारच, पाड्यापाड्यांवर फिरणाऱ्या नर्सला हिवताप होणारच. मी वाद घालणार नाही. एवढंच सांगते. त्या दोन वर्षांत, ऐकणारं कोणी आहे याची खात्री नसतानाही, रोज झोपताना माझ्या मनात एकच मागणं असे: ती बाई मला आयुष्यात पुन्हा कधी भेटू नये. दुसरं काही मी देवीकडे मागितलं नाही. आणि नेमकं तेच तिने मला दिलं नाही. मी मागेन त्यापेक्षा मला काय हवं आहे हे जिला कळतं, तिच्या हाती गोष्टी सोडायला मी तेव्हापासून शिकते आहे. आजही पुरतं जमत नाही. पण नाकारलेल्या त्या एका मागण्यासाठी मी रोज हात जोडते.