भिंतीवरची वाकळ

माझी सून घरबसल्या मोबाईलवरून परदेशात साड्या विकते. तिकडच्या गिऱ्हाइकाचा निरोप कुठल्याही भाषेत येवो, ती बोट टेकवते आणि मजकूर मराठीत उतरतो. चहा गाळून होईपर्यंत तिचं उत्तर गेलेलंही असतं. मी कौतुकानं बघते, थोडी जळतेही. कारण आमच्या मायलाही एक परदेशी गिऱ्हाईक होतं, आणि त्या बाईचं म्हणणं समजून घ्यायला मला एसटीनं परभणी गाठावी लागायची.

ही नामांतराच्या वर्षांतली गोष्ट. आमचं गाव सोनपेठजवळ. मी परभणीत कॉलेजला, वसतिगृहात राहायची आणि शनिवारी घरी यायची. विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा धुमसत होता, आणि गाव आमच्या बौद्ध वस्तीशी कामापुरतंच बोलत होतं.

माय वाकळा शिवायची. जुन्या लुगड्यांचे थर लावून त्यावर मुंगीच्या वाटेसारखा बारीक टाका. गावातल्या मोठ्या घरचे लोक तिला बोलवायचे. ती त्यांच्या अंगणात बसून त्यांच्याच लुगड्यांची वाकळ शिवून द्यायची. पण आमच्या घरच्या, आमच्या अंगावरच्या लुगड्यांची वाकळ त्यांतल्या कुणी पांघरली नसती. मायची सुई चालायची, चिंधी चालायची नाही. ती हे कधी बोलून दाखवत नसे. मला मात्र राग यायचा, अजूनही येतो.

तिची एक रीत होती. वाकळ संपत आली की उशाकडचा एक कोपरा उघडा ठेवायचा, चिंधीत चिमूटभर ज्वारी बांधून ती गाठ आत सारायची आणि मग शेवटचा टाका घालायचा. पांघरणाऱ्यानं उपाशी निजू नये म्हणून. ती गाठ बोटांनी चाचपत आम्ही भावंडं झोपी जायचो.

परभणीच्या कृषी विद्यापीठात ज्वारीचा अभ्यास करायला एक जर्मन माणूस आला होता. शेतकरी मेळाव्यात महिला मंडळाच्या दुकानावर त्याला मायची वाकळ दिसली. आमच्याच घरच्या लुगड्यांची होती. त्यानं ती आपल्या आईसाठी घेतली आणि तो मायदेशी गेला. काही महिन्यांनी त्या आईचं पत्र आलं, सगळं जर्मनमध्ये. पोस्टमननं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि मायच्या हातात अशा चेहऱ्यानं दिलं, की शेजारच्या बायांना वाटलं कुणी गेलं.

शनिवारपर्यंत माय ते पत्र डब्यात घालून बसली होती. मी ते परभणीला नेलं. विद्यापीठात जर्मनीत शिकून आलेले एक प्राध्यापक होते, ते आमचे दुभाषी झाले. ते शब्दकोश मांडीवर घेऊन वाक्यावाक्याला थांबत, मी ते मराठीत उतरवून घेई आणि पुढच्या शनिवारी मायला तिच्या बोलीत सांगे. मायचं उत्तर याच वाटेनं उलटं जायचं. एवढ्या हातांतून गेल्यावर शब्द शिळे होणारच, पण दुसरा इलाज नव्हता.

त्या पत्रात कौतुक होतं. बाईंना आपल्या बहिणींसाठी आणखी दोन वाकळा हव्या होत्या. आणि लिहिलं होतं, 'तुमची वाकळ मी बैठकीच्या भिंतीवर लावली आहे. येणारा जाणारा बघतच राहतो.'

मी हे मोठ्या तोऱ्यात वाचलं. मायचा चेहरा उतरला.

"भितीवर?" ती म्हणाली. "अंगावर घेतली न्हाई?"

"माय, तिकडं मानाची वस्तू भिंतीवर लावतात. सरांनी सांगितलंय."

"मान दिला की लांब ठेवायला सोपं जातंय, बाई." तिनं सुई गादीखाली खोचून ठेवली. "तिला कुणीतरी सांगितलं आसंल आपुन कोण हाव ते."

मला हसावं की रडावं कळेना. त्या म्हातारीला आमची जात कोण सांगणार? तिला तर परभणी नकाशात सापडली नसती. मी परोपरीनं समजावलं. माय ऐकून घेत होती आणि मान हलवत होती, म्हणजे पटत नव्हतं. जन्मभर लोकांनी तिच्या हातचं काम वाखाणलं होतं आणि तिच्या घरचं कापड टाळलं होतं. भिंतीचा दुसरा अर्थ तिला लागणार कसा?

"लिव," तिनं सांगितलं. "अंगावर घ्यायची आसंल तर ठिव, न्हाई तर वापस धाड. आन् तवर दुसऱ्या दोनाला मी सुई लावणार न्हाई."

मंडळाच्या बाई हे ऐकून उखडल्या. एवढं लांबचं गिऱ्हाईक, तेही एकुलतं एक, आणि त्याला असं फटकारायचं? मीही बसमध्ये मनातल्या मनात वाक्य गोड करत गेले. प्राध्यापकांसमोर बसले तेव्हा मात्र मायचेच शब्द तोंडातून निघाले. ते आधी हसले, मग माझ्याकडे बघून गंभीर झाले.

"असंच लिहू?"

"असंच लिहा, सर."

मग नुसती वाट बघणं. माय शेतात खुरपायला जायची, आल्यावर पोस्टमन येऊन गेला का हे विचारायची नाही, पण दारात जरा जास्त वेळ पाय धूत राहायची. गावातली एक बाई वाकळ शिवायला बोलवायला आली, तर तिलाही मायनं हात दुखतोय म्हणून परत पाठवलं. हात चांगला धडधाकट होता. मायचं मन उडालं होतं, आणि ते बघून मला त्या जर्मन बाईचा उगाच संताप येत होता.

उत्तर आलं तेव्हा थंडी सुरू झाली होती. मी परभणीहून मजकूर घेऊन आले. माय अंगणात उन्हाला बसली होती. मी वाचू लागले. बाईंनी माफी मागितली होती. वापरली तर खराब होईल या भीतीनं वाकळ भिंतीवर लावली होती, पत्र मिळालं त्याच दिवशी काढली, आता रोज पांघरते, असं लिहिलं होतं.

"आसं कुनीबी लिवतंय," माय म्हणाली. "आन् तुझे सर बी गोड मानूस हायेत."

मी पुढे वाचलं. 'एक विचारायचं आहे. एका कोपऱ्यात काहीतरी टणक शिवलं गेलं आहे. रात्री कूस बदलली की ते माझ्या गालाला लागतं. चुकून राहिलं आहे का? तिथली शिवण उसवून काढून टाकू का?'

मायनं माझ्याकडे पाहिलं. गाठीचं आम्ही कुणालाच कळवलं नव्हतं, सरांनाही नाही. खरं तर त्या भानगडीत मीही ती विसरून गेले होते.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"गालाला लागतंय म्हंती?"

"हो, माय. गालाला."

तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती, डोळे मात्र भरले होते. मग एकदम उठून आत गेली आणि गादीखालून सुई काढून आणली.

"लवकर लिव तिला, आजच लिव," ती म्हणाली. "उसवू नको म्हनावं. दानं हायेत त्ये, तिच्यासाठीच घातल्यात."