खंडेनवमीचा राऊटर

लातूरजवळच्या मुरुडात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. लोक मला तोंडावर शेठ म्हणतात आणि पाठ फिरली की खडूस म्हणतात, हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रारही नाही. चूक कबूल करणं मला कधी जमलं नाही. एकदा एका गिऱ्हाइकाला अर्ध्या इंचाची मागितलेली तोटी पाऊण इंचाची दिली, तर ती परत घ्यायच्या ऐवजी मी त्याच्या घरच्या पाइपालाच नावं ठेवली होती.

मला एकच लेक. लातूरला शिकली, इंजिनीअर झाली, पुण्यात नोकरीला लागली. उदगीरच्या एका चांगल्या घरात मी तिचं ठरवलं. चार माणसांत सुपारी फुटली. त्यानंतर पंधरा दिवसांनी ती घरी आली आणि म्हणाली, "अप्पा, मला हे लग्न न्हाई करायचं. मला जर्मनीत नोकरी लागली." सुपारी फुटल्यावर नाही म्हणणं म्हणजे आमच्याकडं भरल्या पंगतीतून उठून जाणं. मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. शेवटी बोलणंच बंद केलं. ती निघाली त्या दिवशी बायको तिला सोडायला लातूरपर्यंत गेली आणि मी दुकानात खिळे मोजत बसलो. आमच्याकडं खिळे किलोवर विकतात, मोजून नाही.

जाण्याआधीच्या आठवड्यात तिनं घरात एक उद्योग केला होता. लातूरहून नवा राऊटर आणून जिन्याजवळ बसवला. आमच्या इंटरनेटवाल्याशी तासभर हुज्जत घालून त्याच्याकडून घराला नेटवरचा कायमचा पत्ता मिळवला. मग जिन्यात उभी राहून आईला समजावू लागली. आवाज मात्र खाली दुकानात येईल एवढा मोठा होता.

"आई, आपण बघतो ती सिरियल मला तिकडं दिसणार न्हाई. ते ॲप भारताबाहेर चालतच न्हाई. म्हणून मी राऊटरवर व्हीपीएन टाकलाय. मी तिकडं फोनवर ते चालू केलं की माझं नेट आधी आपल्या घरात येणार, ह्या डब्यात, नि इथून बाहेर जाणार. ॲपला वाटणार, ही मुरुडातच बसलीय."

"म्हंजी तू तिकडं, नि तुझं नेट हितं?"

"हाव."

"मग बरंय," बायको म्हणाली. तिला एवढं पुरलं.

राऊटरचं ॲप आईच्या जुन्या फोनवर चालेना, म्हणून लेक खाली आली आणि काही न बोलता हात पुढं केला. मीही काही न बोलता माझा फोन दिला. ॲप टाकून तिनं फोन गल्ल्यावर ठेवला आणि वर गेली. आमचा शेवटचा व्यवहार तेवढाच.

ती गेल्यावर आठवड्यातच, नेट मंद झालं म्हणून मी ते ॲप उघडलं. इकडं दाब, तिकडं दाब करताना आत एक पान सापडलं. त्यावर एकच ओळ होती. इंग्रजी अक्षरं आणि आकडे, पुढं हिरवा ठिपका, आणि जोडल्याला किती वेळ झाला ते. आधी वाटलं, कुणी शेजारी आपलं फुकटचं नेट वापरतोय. चांगला झापणार होतो. मग जिन्यातलं तिचं बोलणं आठवलं आणि लक्षात आलं, की ही आपलीच लेक आहे.

त्या दिवसापासून मला नाद लागला. साडेदहाच्या सुमाराला तो ठिपका हिरवा व्हायचा. तेव्हा तिकडं सकाळ असते, ती तयार होता होता कालची सिरियल बघत असणार. अर्ध्या तासात ठिपका विझायचा, म्हणजे बाई कामाला निघाल्या. रविवारी उशीर. म्हणजे झोपू दे. एकदा बुधवारी ठिपका दिवसभर जळत राहिला. मी चार गिऱ्हाइकांवर खेकसलो आणि जेवताना बायकोला म्हणालो, "जर्मनीत तापाची साथ आलीय म्हणं. पेपरात हाय." पेपरात तसलं काही नव्हतं. तिनं फोन लावला तर पोरगी खरंच तापानं अंथरुणात होती. बायको म्हणाली, "तुमचा पेपर लई भारी हो." मी ताट पुसून खायच्या निमित्तानं मान खाली घातली.

मला तिच्याशी बोलायचं होतं. हे आज लिहिताना सोपं वाटतं. तेव्हा रोज वाटायचं, आधी तिनं करावा फोन, लहान ती आहे. ती आईला रोज फोन करायची. बायको स्वयंपाकघरात दार लोटून बोलायची आणि बाहेर आली की मी काही विचारायचो नाही. असं सव्वा वर्ष गेलं.

मग या सालची खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं दुकानातली सगळी हत्यारं धुऊन पुजतात. तराजू, पाइपाला आटे पाडायचं यंत्र, ड्रिल, कटर, झालंच तर कॅल्क्युलेटर. बायकोनं या वेळी राऊटरही पाटावर मांडला. म्हणाली, "समद्यात जास्त काम त्योच करतो." आणि त्याला हळदीकुंकवाची ओली बोटं अशी काही लावली, जशी नवरदेवाला लावावीत. झेंडूचं फूलही खोचलं.

यंत्रावर घाण मला खपत नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी राऊटर पुसायला घेतला. अंगावरचं कुंकू निघालं, पण मागं एक बारीक भोक होतं, त्यात जाऊन बसलेलं निघेना. आमच्याकडं रॉकेलच्या स्टोव्हची पिन अजून विकायला असते. ती घेतली, भोकात घातली आणि चांगली दाबून गोल गोल फिरवली. राऊटरचे सगळे दिवे एकदम लागले आणि एकदम विझले. घरातलं नेट गेलं.

इंटरनेटवाला आला. माझ्याच वयाचा, बोलघेवडा माणूस. त्यानं बसून वायफायचं नाव, पासवर्ड सगळं पहिल्यासारखं करून दिलं, माझ्या फोनातलं ॲपही जोडून दिलं. विचारलं, "शेठ, रीसेट कुणी केला?" मी म्हणालो, "लाइट खालीवर होते ना, त्यानं झालं असंल." पिन तोवर परत डबीत गेली होती.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला ते पान उघडलं. कोरं. वाटलं, सुट्टी असेल. तिसऱ्या दिवशीही कोरं. चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. पोरीनं तोडलंच म्हणायचं शेवटी. आईशी बोलायचं, सिरियल बघायची दुसरी काही सोय करायची, पण बापाच्या घरातून यायचं नाही. हे मनात घोकून घोकून मी रागावलो. विचारणार कुणाला? जिचं नाव घेत नाही, तिची चौकशी कोणत्या तोंडानं करायची?

पाचव्या दिवशी दुपारी बायकोनं माझ्यासमोर ताट ठेवलं आणि समोर बसून राहिली. तिला असं बसायची सवय नाही.

"लेकराला नेटातून बी काढलं व्हय तुम्ही?"

"मी? मी कामून काढू?"

"मग कुणी काढलं? घरचं नेट चालू हाय, मी रोज तिच्याशी बोलायलेय. तिचंच तेवढं लागंना. ॲप तुमच्याच फोनात हाय म्हणली. म्हणली, आई, अप्पानं काढलं असंल तर असू दे. त्यांना काही बोलू नको." एवढं म्हणून तिनं पदर डोळ्याला लावला. "बोलू नको म्हणली, म्हणून चार दिस गप बसले मी."

मी ताट बाजूला सारलं. मी इकडं तिच्यावर रागावलो होतो, आणि ती चार दिवस तिकडं परक्या गावात समजत होती, की बापानं आपल्याला घरातून उरलंसुरलंही पुसून टाकलं. वर आईला सांगत होती, त्यांना बोलू नको. एवढी माया तिच्यात कुठून आली कुणास ठाऊक, माझ्याकडून तर नाही.

मी बायकोला पिनेचं सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग पुन्हा रडली. मग म्हणाली, "हे मला कामून सांगायलाव? तिला सांगा."

हात धुतले, खाली दुकानात आलो आणि फोन लावला. तिनं लगेच उचलला.

"अप्पा?"

"हाव."

पुढं काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. म्हणून सरळ पिनेवर आलो. "त्या डब्याची पूजा केली व्हती तुझ्या आईनं. भोकात कुंकू गेलं. म्या स्टोव्हची पिन घातली."

"किती येळ दाबली?"

"कुंकू निघंपर्यंत."

तिकडं ती हसायला लागली. हसता हसता आवाज बारीक झाला. मग नाक ओढून म्हणाली, "सगळं पुसलं गेलं मग. मला पुन्हा टाकावं लागतंय. करता का तुम्ही? मी सांगते तसं."

"सांग."

"फोन स्पीकरवर टाका नि ॲप उघडा."

उघडलं. तिनं सांगितलं तशी मी बटणं दाबत गेलो. एका जागी नाव लिहायचं होतं. "काय लिहू?" म्हणालो. ती म्हणाली, "काही बी लिहा." मी 'लेक' लिहिलं. दोनच अक्षरं, पण मला मिनिटभर लागलं. मग एक फाइल तयार झाली, ती व्हॉट्सॲपवर तिला पाठवली. तिनं तिकडं काहीतरी केलं आणि म्हणाली, "आता बघा बरं, लागलं का."

मी बघितलं. हिरवा ठिपका होता.

"आलीस," मी म्हणालो.

मी फोन गल्ल्यावर टेकवून ठेवला.

"अप्पा," ती म्हणाली, "ती यादी तीन पानं आत हाय. कुठं दाबून जायचं ते मी अजून तुम्हाला सांगितलंच न्हाई."

दुकानदाराला चटकन काहीतरी थाप सुचतेच. मलाही सुचली होती. जिन्यात बायको उभी होती.

"रोज जातो तिथं," मी म्हणालो. "दुकान उघडलं की आधी तिथंच जातो, माय. तू गेल्यापासून."

मग ती म्हणाली, "मग फोन कामून न्हाई केला?"

"चुकलं माझं."

"पिन घातली ते?"

"न्हाई," मी म्हणालो. "तुला सोडायला आलो न्हाई, ते."